इतर हक्कांचा रकाना : जमिनीवरील बंधने आणि खरेदीविक्री



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. रानडे पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले, पण त्याआधीची कित्येक वर्षे त्यांनी दिवाणी न्यायाधीशाच्या खुर्चीवर काढली होती. जमिनीचे तंटे, वारसांचे तंटे आणि सावकारीचे तंटे ऐकण्यातच त्यांचे दिवस गेले असतील. तेव्हा साहित्य आणि समाजकारण यांच्या पंक्तीत आज कायद्याचे एक रूक्ष पान वाढले, तर ते अगदीच पंक्तिबाह्य ठरू नये, अशी आशा आहे.

शिवाय ऋतूही त्याच विषयाचा आहे. पाडवा किंवा अक्षय्यतृतीया आली की आपल्याकडे जागेचे व्यवहार ठरतात. मुहूर्त पाहून इसार दिला जातो, पेढे वाटले जातात, आणि मग सवडीने कागद पाहिले जातात. म्हणजे जे आधी करायचे ते शेवटी, आणि जे शेवटी करायचे ते आधी! या उलट्या क्रमाची किंमत किती मोठी असते, हे दिवाणी कोर्टाच्या ओसरीवर एक सकाळ बसले तरी कळते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण ही पायरी बहुधा इसार देतानाच आपण नकळत चढलेलो असतो.

विषय असा आहे : विकायला निघालेल्या जमिनीवर किंवा घरावर कायद्याचे काही बंधन असले, तर घेणाऱ्याने काय करावे आणि विकणाऱ्याने काय करावे? नुसत्या तत्त्वांनी हा प्रश्न समजणार नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच हाती धरू.

समजा, एक गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले आहेत. गावाकडे त्यांचे थोडे शेत आहे, म्हणजे ते स्वतः शेतकरी खातेदार आहेत. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून तालुक्याच्या गावाजवळची चाळीस गुंठे जमीन घ्यावी, असे त्यांच्या मनात आहे. विकणारा माणूस ओळखीचा, गोड बोलणारा. भाव ठरला. सातबाराचा उतारा समोर आला. वरच्या बाजूला, कब्जेदाराच्या जागी, विकणाऱ्याचे नाव ठसठशीत आहे. आपले गृहस्थ समाधान पावले.

पण त्याच उताऱ्यावर आणखी एक रकाना असतो. त्याचे नाव ‘इतर हक्क’. लोक तो वाचत नाहीत. वाचला तरी तलाठ्याच्या आखूड अक्षरी भाषेला भिऊन पुढे जातात. आपल्या उदाहरणातील उताऱ्यावर या रकान्यात तीन ओळी आहेत. पहिली : विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचा कर्जाचा बोजा. दुसरी : एका बाईचे नाव. तिसरी : ‘कु. का. क. ४३ चे बंधनास पात्र’.

विकणारा म्हणतो, “त्या जुन्या नोंदी आहेत हो! सगळ्यांच्याच उताऱ्यावर असतात. खरेदी झाली की निघून जातील.”

श्रोतेहो, आजच्या भाषणाचे सार या एका वाक्याला दिलेल्या उत्तरात आहे. नाही, खरेदी झाली की त्या निघून जात नाहीत. खरेदी झाली की त्या *तुमच्या* होतात.

बंधन म्हणजे काय?

आपण बंधनाकडे सरकारने घातलेला खोडा म्हणून पाहतो. ही दृष्टीच चुकीची आहे. जमिनीवरचे प्रत्येक बंधन म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी हक्क. विकणाऱ्याच्या मुठीत मालकीची पुरती मोळी नसते. तिच्यातली एखादी काठी सोसायटीच्या हातात असते, एखादी बहिणीच्या, एखादी शेजाऱ्याच्या, एखादी सरकारच्या. आणि आडात नसेल ते पोहऱ्यात कोठून येणार? विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क आहे तेवढाच तो तुम्हाला देऊ शकतो. स्टँपपेपर कितीही किमतीचा असला तरी त्यात वाढ होत नाही.

म्हणून बंधन दिसले की “हे कसे टाळता येईल?” हा प्रश्न विचारू नये. “हा हक्क कोणाचा आहे, आणि तो माणूस कशाने मोकळा होईल?” हा प्रश्न विचारावा. असे विचारले की बंधनांचे पाच वर्ग आपोआप पडतात : काही बंधने पैशाने सुटतात, काही सहीने सुटतात, काही परवानगीने सुटतात, काही निकालाने सुटतात, आणि काही मुळीच सुटत नाहीत. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. एकाची किल्ली दुसऱ्याला लावायला गेले की कुलूप बिघडते, एवढेच.

पैशाने सुटणारी बंधने

आपल्या उताऱ्यातील पहिली ओळ सोसायटीच्या बोजाची. ही सर्वांत सोपी वाटते, आणि सोपी आहेही. पण तिच्यातला डंख ओळखला पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ४८व्या कलमाप्रमाणे सभासदाने जमिनीवर बोजा लिहून देऊन कर्ज घेतले असेल, तर ते सव्याज फिटेपर्यंत त्याला ती जमीन दुसऱ्याला देता येत नाही. आणि ही मनाई मोडून केलेले हस्तांतर निरर्थक ठरते. येथे नुसते कर्ज मागे लागते असे नव्हे. खरेदीच मुळातून ढासळते.

उपाय काय? विकणाऱ्याच्या हाती रक्कम देऊन “तुम्ही भरून टाका” असे म्हणू नये. सोसायटीकडून येणे रकमेचा लेखी आकडा घ्यावा, ठरलेल्या किमतीतूनच ती रक्कम थेट सोसायटीत भरावी, बेबाकीचा दाखला घ्यावा, आणि बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर झालेला पाहावा. मगच खरेदीखताची तारीख धरावी.

बँकेच्या गहाणाचेही असेच. मात्र एक गहाण असे आहे की जे लिहून दिलेले नसतानाही होते. मालमत्तेचे मूळ कागद कर्जाच्या तारणासाठी सावकाराच्या स्वाधीन केले की १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५८व्या कलमाप्रमाणे तेही गहाणच. म्हणून विकणारा मूळ खरेदीखताऐवजी छायाप्रत दाखवू लागला, तर तेथेच थांबावे. “मूळ प्रत सापडत नाही” याचा अर्थ पुष्कळदा “मूळ प्रत बँकेत आहे” असा असतो. अशा गहाणांची नोंद ठेवणारी सेरसाई नावाची मध्यवर्ती संस्था २०११ पासून काम करते. तेथे शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीची वर्गणी यांची थकबाकीही याच वर्गातली. उलट काही ठरले नसेल, तर विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी देणे आणि जमिनीवरील बोजे फेडणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे त्याच कायद्याचे ५५वे कलम सांगते.

सहीने सुटणारी बंधने

आता दुसरी ओळ : त्या बाईचे नाव. ती विकणाऱ्याची बहीण आहे. वडील वारले तेव्हा भावाचे नाव कब्जेदार म्हणून लागले आणि बहिणीचे नाव ‘इतर हक्कात’ घातले गेले. आपल्याकडे ही रीत इतकी रूढ होती की तिच्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. भाऊ म्हणतो, “ती तिच्या घरी सुखी आहे. तिला काही नको.”

तिला काही नको, हे तिने सांगितले पाहिजे. आणि कायद्याला पटेल अशा रीतीने सांगितले पाहिजे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. आपल्या उदाहरणात आईही हयात नाही आणि भाऊ-बहीण दोघेच वारस आहेत असे धरले, तर चाळीस गुंठ्यांतले वीस गुंठे त्या बहिणीचे आहेत. मग तिचे नाव उताऱ्याच्या कोणत्याही कोपऱ्यात असो. वडिलोपार्जित मिळकतीतही आता मुलगी जन्माने सहदायाद आहे. महाराष्ट्राने हा हक्क काही मर्यादेत १९९४ साली दिला, सबंध देशासाठी तो २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले.

तेव्हा एकट्या भावाकडून खरेदीखत घेतले तर आपल्या गृहस्थांना फक्त भावाचा हिस्सा मिळेल, आणि तो हिस्सा हाती येण्यासाठी वाटपाचा दावा लढावा लागेल. किल्ली एकच : बहिणीची सही. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. किंवा, अधिक चांगले, तिनेही खरेदीखतात ‘लिहून देणार’ म्हणून सही करावी आणि आपल्या वाट्याची रक्कम आपल्या नावे घ्यावी. दुसरा मार्ग मी अधिक चांगला म्हणतो, याला कारण आहे. सणासुदीला माहेरी बोलावून, ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवून घेतलेल्या सह्या पुढे कोर्टात फार वेळा वाचून दाखवल्या जातात. जिच्या हातात तिच्या वाट्याची रक्कम पडली, तिची सही पक्की.

याच वर्गात आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. उताऱ्यावर नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असे दिसले, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. त्या एका नावामागे आणखी नावे उभी आहेत. आणि ‘अ. पा. क.’ असे दिसले, तर मालक अज्ञान असून पुढे लिहिलेला माणूस नुसता पालनकर्ता आहे. हिंदू अज्ञानाची स्वतःची मिळकत नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, असे १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे ८वे कलम सांगते. विकलीच, तर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकते. आज पाळण्यात असलेला वादी वीस वर्षांनी तुमच्या दारात उभा राहू शकतो!

परवानगीने सुटणारी बंधने

तिसरी ओळ सर्वांत गूढ दिसते : ‘कु. का. क. ४३’. कु. का. म्हणजे कूळ कायदा, १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. पण मालक झालेल्या त्या गरीब माणसाच्या हातून सावकाराने किंवा जुन्या मालकानेच दुसऱ्या दिवशी जमीन काढून घेऊ नये, म्हणून ४३वे कलम आले : अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून विकता येणार नाही; विकली तर ते हस्तांतर अवैध.

कित्येक दशके ही मंजुरी मिळवणे जिकिरीचे होते. २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळ मोकळीक दिली. कुळाच्या खरेदीला दहा वर्षे उलटली असतील, तर जमिनीच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारात भरून ती विकता येते. घेणारा शेतकरी असला पाहिजे, आणि जमीनधारणेची कमाल मर्यादा व तुकडेबंदी यांचा भंग होता कामा नये. आता हिशेब पाहा. आपल्या जमिनीचा आकार अडीच रुपये आहे असे समजू. त्याची चाळीस पट म्हणजे १०० रुपये. निवृत्तीची सारी पुंजी ज्या व्यवहारात घालायची, तो या १०० रुपयांच्या चलनावाचून अवैध ठरू शकतो! मात्र हे चलन खरेदीनंतर नव्हे, खरेदीपूर्वी भरायचे असते. येथे अडचण पैशाची नसून क्रमाची आहे.

परवानगीची कुलपे आणखीही आहेत. सरकारने विशिष्ट अटींवर दिलेली जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून नोंदलेली असते. तिला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, किंवा त्यासाठीच्या नियमांप्रमाणे रक्कम भरून आधी ती वर्ग १ करून घ्यावी लागते. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने वतन खालसा झाल्यावर पुन्हा प्रदान झाल्या, त्या याच स्वरूपाच्या. सार्वजनिक न्यासाची जागा विकायला १९५० च्या न्यास कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. नव्या मुंबईसारख्या ठिकाणी जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. तेथे पट्टा देणाऱ्याची संमती आणि हस्तांतर शुल्क यांचा विचार आधी करावा लागतो.

आदिवासी खातेदाराच्या जमिनीविषयी मात्र वेगळे सांगितले पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाने ती बिगर-आदिवासीला विकण्यास मनाई केली आहे. जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने, मिळाली तरच विक्री होऊ शकते. हे बंधन उगाच आलेले नाही. मिठामिरचीच्या उधारीवर जमिनी लिहून घेतल्या जात होत्या, म्हणून ते आले. आणि पूर्वी गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा जमिनीला ‘स्वस्तात मिळते’ म्हणून हात घालणारा माणूस नुसता धोका पत्करत नाही. दुसऱ्याची ढाल हिसकावून घेत असतो.

निकालाने सुटणारी बंधने

काही वेळा उतारा स्वच्छ असतो, पण जमिनीचा दावा कोर्टात चालू असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५२व्या कलमाचे तत्त्व असे की चालू दाव्यातली मिळकत घेणारा त्या दाव्याच्या निकालाला बांधला जातो. “मला माहीत नव्हते” ही सबब चालत नाही. महाराष्ट्रात १९३९ च्या मुंबई कायद्याने या कलमात दुरुस्ती करून दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची सोय केली आहे. म्हणून नोंदणी कचेरीतला शोध येथेही उपयोगी पडतो. पण तेवढ्यावर न थांबता विकणाऱ्याच्या नावे न्यायालयात काही चालू आहे काय, हेही पाहावे. आता तो तपास संगणकावर करता येतो.

कोर्टाची ताकीद असेल किंवा मिळकत जप्तीत असेल, तर घाई करून काही साधत नाही. ताकीद मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला दिवाणी कैदही होऊ शकते. जप्तीनंतर केलेली खाजगी विक्री जप्ती आणणाऱ्याच्या हक्कापुढे टिकत नाही. येथे मार्ग दोनच : निकालाची वाट पाहावी, किंवा दाव्यातल्या सर्व पक्षकारांना एकत्र बसवून कोर्टापुढे लेखी तडजोड नोंदवून घ्यावी.

न सुटणारी बंधने

काही बंधने जमिनीबरोबरच जातात. शेजाऱ्याच्या शेताची पायवाट तुमच्या बांधावरून उघडपणे आणि हक्काने वीस वर्षे वापरात असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने ती त्याचा हक्क होते. मालक बदलल्याने वाट बुजत नाही. ती कागदावर नसतेच. ती जमिनीवर असते. म्हणून चिखलात पाय घालून चतुःसीमा फिरल्याशिवाय जमीन घेऊ नये. विकास आराखड्यात जागेवर शाळेचे किंवा रस्त्याचे आरक्षण असेल, तर तेही तुमच्याबरोबर येते. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७व्या कलमात दहा वर्षांनंतर नोटीस देऊन ते व्यपगत करून घेण्याचा मार्ग आहे, पण त्या भरवशावर आजचा भाव देऊ नये. अशा बंधनांना उत्तर एकच : ती ओळखावी, त्यांची किंमत भावातून वजा करावी, आणि तरीही जागा हवी असेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावी.

उलट, काही बंधने दिसतात भीतिदायक, पण असतात पोकळ. आजोबांनी बक्षीसपत्रात लिहिलेले असते, “ही वास्तू कोणीही कधीही विकू नये.” मालकी पूर्णपणे दिल्यावर विक्रीला अशी सरसकट मनाई घालणारी अट मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०व्या कलमाने निरर्थक ठरवली आहे. आजोबांच्या इच्छेचा मान घरच्यांनी ठेवावा. कोर्ट तिची अंमलबजावणी करणार नाही.

पळवाटांचे काय?

आता कोणी तरी म्हणेल, “एवढी खटपट कशाला? कुलमुखत्यारपत्र घ्या, नोटरीपुढे साठेखत करा, कब्जा घ्या, झाले!” तुकडेबंदीतून सुटण्यासाठी एक-दोन गुंठ्यांचे असे व्यवहार शहरांच्या कडेला शेकड्यांनी झाले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यातून सवलती देण्यासाठी शासनाला २०१७ पासून पुन्हा पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. यावरून हा मार्ग बरोबर होता असे सिद्ध होत नाही. त्यात किती कुटुंबे अडकली एवढेच दिसते.

शंभर रुपयांवरील स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे ५४वे कलम सांगते. सूरज लँप या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेच पुन्हा बजावले : मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांची जुडी बांधून मालकी हस्तांतरित होत नाही. शिवाय साध्या मुखत्यारपत्राचे आयुष्य लिहून देणाऱ्याच्या आयुष्याएवढेच. सातबाराचेही तेच. तो महसुली दाखला आहे. त्यातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण ती नोंद म्हणजे मालकी नव्हे.

मग क्रम कसा असावा?

पहिले, शोध. दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ मध्ये तीस वर्षांचा शोध घेण्याची वकिलांची रीत आहे, ती पाळावी. सातबारा, आठ-अ आणि त्यांत उल्लेखिलेला प्रत्येक फेरफार काढून वाचावा. जुन्या नोंदीत एखादी सही, एखादे नाव मध्येच नाहीसे झाले असेल, तर ते कसे गेले हे विचारावे. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

दुसरे, साठेखत. विकणाऱ्याने म्हणावे आणि घेणाऱ्याने ऐकावे, असे त्यात काही ठेवू नये. प्रत्येक बंधन फेरफार क्रमांकासह नावानिशी लिहावे. ते कोणी, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने सोडवायचे, ते लिहावे. परवानगी नाकारली गेली तर सारी रक्कम किती दिवसांत परत मिळेल, तेही लिहावे. नथुलाल विरुद्ध फूलचंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सांगितले की जेथे कायद्याने परवानगी आवश्यक आहे, तेथे ती विकणाऱ्याने मिळवायची, ही अट करारात गर्भितच असते. पण गर्भित अट शोधायला कोर्टात जावे लागते. लिहिलेली अट घरी वाचता येते.

तिसरे, पैसा. इसार अगदी थोडा द्यावा आणि पुढची रक्कम एकेक बंधन सुटेल तशी द्यावी. बोजाची रक्कम बोजेवाल्याला, बहिणीची बहिणीला, उरलेली विकणाऱ्याला, आणि मोठा भाग खरेदीखत नोंदवताना. घेणारा स्वतःच्या कसुरीने व्यवहार मोडत नसेल, तर आगाऊ दिलेल्या रकमेबद्दल विकणाऱ्याच्या मिळकतीतील हक्कावर त्याचा बोजा राहतो. शिवाय मिळकत निर्वेध म्हणून विकायला काढली आणि गहाणाची रक्कम किमतीपेक्षा जास्त नसेल, तर विकणाऱ्याला ते गहाण सोडवायला लावण्याचा हक्क विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याच्या १३व्या कलमाने घेणाऱ्याला दिला आहे. करार बजावून मागण्याची मुदत तीन वर्षांची. ती निघून जाऊ देऊ नये.

आणि विकणाऱ्यालाही दोन शब्द. साधारण दक्षतेने घेणाऱ्याला कळणार नाही असा मोठा दोष तुम्हाला ठाऊक असेल, तर तो सांगणे हे ५५व्या कलमाने तुमच्यावर टाकलेले कर्तव्य आहे. तो न सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने लबाडी आहे. जागा विकायचे मनात आले की गिऱ्हाईक शोधण्याआधी ‘इतर हक्कांचा’ रकाना साफ करायला घ्यावा. निर्वेध जमिनीला भाव चांगला येतो, आणि घासाघीस करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

आता आपल्या गृहस्थांकडे परत जाऊ. त्यांनी या क्रमाने काम केले असे समजा. सोसायटीचे कर्ज फिटले, १०० रुपयांचे चलन भरले गेले, आणि खरेदीखतावर भावाच्या शेजारी बहिणीने सही केली. काही महिने जास्त गेले. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त टळला. भाऊ मध्यंतरी थोडा रागावलाही असेल. पण पाहा : सोसायटीला तिचे पैसे मिळाले, सरकारला त्याचा नजराणा मिळाला, बहिणीला वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा मिळाला, आणि आपल्या गृहस्थांना अशी जमीन मिळाली की जिच्याबद्दल त्यांच्या मुलांना कोणाची नोटीस येणार नाही.

जमीन घेताना आपण तिचा इतिहासही विकत घेत असतो. त्या इतिहासात ज्यांचे काही येणे राहिले आहे, त्यांचे आधी देऊन टाकावे. मग पेढे वाटावेत. मुहूर्त पुन्हा येतात. गेलेली पुंजी येत नाही.